रॉक नदी की मिसिसिपी: शिकागोहून कुठे जावे?

उन्हाळ्यात भारतातून आई-वडील आलेले असताना शिकागोहून नदीकाठी जायचे असेल, तर इलिनॉयमधली रॉक नदी आणि आयोवातल्या डुब्यूक शहराजवळची मिसिसिपी यांतून निवड करताना हाताशी किती दिवस आहेत, हे आधी पाहावे. रॉककाठचे डिक्सन सुमारे दोन तासांत गाठून संध्याकाळी घरी परतता येते; डुब्यूकला जायला तीन तास किंवा त्याहून अधिक लागतात, तेव्हा तिकडे मुक्काम धरूनच निघावे.

रॉक नदीचा डिक्सन ते ओरेगन हा टप्पा पाहण्याजोगा आहे (हे ओरेगन म्हणजे एक छोटे गाव, पश्चिमेच्या राज्याशी गल्लत नको). डिक्सनला रोनाल्ड रेगन यांचे बालपणीचे घर आहे. मला त्याहून ग्रँड डिटूर मोलाचे वाटते. नदीच्या मोठ्या वळणावरून या वस्तीला हे फ्रेंच नाव पडले आणि तिथेच जॉन डिअर या लोहाराने १८३७ मध्ये पोलादी फाळाचा नांगर घडवला. प्रेअरीची, म्हणजे इथल्या गवताळ मैदानांची, चिकट माती जुन्या फाळाला धरून बसे आणि ती खरवडण्यासाठी शेतकऱ्याला सारखे थांबावे लागे; गुळगुळीत पोलादावरून मात्र ती आपोआप सुटू लागली. काळ्या रानात औत धरलेल्या वडिलांना याचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. पुढे ओरेगनजवळच्या कड्यावर लोराडो टाफ्ट यांनी घडवलेला, १९११ मध्ये अनावरण झालेला सुमारे ४८ फुटी काँक्रीटचा पुतळा आहे. लोक त्याला ब्लॅक हॉक (सॉक जमातीचा एक नेता) म्हणतात, पण शिल्पकाराच्या मनात सगळेच मूळ रहिवासी होते.

मुले लहान असतील, तर मात्र मुक्कामाचा खर्च सोसून डुब्यूकलाच जावे. तिथले मिसिसिपी नदीचे संग्रहालय आणि मत्स्यालय पावसातही पाहता येते. १८८२ पासूनची फेनेलन प्लेस केबल रेल्वे १८९ फूट उंच चढवते आणि वरून तीन राज्ये दिसतात. हिवाळ्यात ती बंद असते. जवळच्या गलीना गावात शिशाच्या व्यापाराच्या भरभराटीत बांधलेल्या इमारती आणि १८६५ मध्ये नागरिकांनी यादवी युद्धातले सेनापती आणि पुढे अध्यक्ष झालेले युलिसिस ग्रँट यांना भेट दिलेले घर आहे. ज्या नदीतून आगबोटी गलीनापर्यंत येत, ती गाळाने भरून आता ओढ्याएवढी उरली आहे. गाव उतारावर वसलेले आणि जिने पुष्कळ, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्या मेन स्ट्रीटवरच फिरावे.