पोत्यातली खपली आमच्या बॉयलरची नव्हतीच

बॉयलरच्या वार्षिक तपासणीचा महिना जवळ आला की भोसरी, चिंचवड, चाकण पट्ट्यात काही ठरावीक माणसं गेटवर दिसायला लागतात. कार्डावर 'केमिकल क्लीनिंग, डिस्केलिंग, सर्टिफिकेट' असं सगळं एका ओळीत. त्यातल्याच एकाने आम्हाला गंडवलं. नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सविस्तर लिहितो, कारण नाव उद्या बदलेल, पद्धत तीच राहील.

आमचं सॉस-जॅमचं युनिट. दोन टनी, म्हणजे तासाला दोन टन वाफ देणारा, तीन पासचा (धूर आत तीनदा फिरतो) स्मोक ट्यूब बॉयलर, फर्नेस ऑइलवर. नळ्यांतून धूर जातो आणि पाणी नळ्यांच्या बाहेर, शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या मोठ्या पिंपात. पाणी बोअरचं आणि टँकरचं मिसळून. आपल्याकडच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड, आणि उन्हाळ्यात पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरला मीठ वेळेवर पडलं नाही की क्षार सरळ बॉयलरमध्ये, आणि लोखंडावर त्यांचा कडक थर, म्हणजे खपली, धरते. ती काढणं म्हणजे डिस्केलिंग. त्यामुळे साफसफाईची गरज खरी होती, त्यात वाद नाही.

या गृहस्थांनी परचेसच्या टेबलावर बसून सुरुवात केली ती कायद्यापासून. "शेठ, नवा कायदा आलाय. डिस्केलिंगचं सर्टिफिकेट नसेल तर साहेब बॉयलरकडे बघतसुद्धा नाहीत." साहेब म्हणजे बॉयलर इन्स्पेक्टर. यातला पहिला भाग खरा आहे. १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन २०२५ चा आला. पण तपासणीला बॉयलर थंड, रिकामा, मॅनहोल-मडहोल (आत बघायची आणि गाळ काढायची झाकणं) उघडे आणि आतून साफ लागतो, हे आधीही होतंच. साहेब बघतात ते लोखंड. कंत्राटदाराच्या लेटरहेडला तिथे कोण विचारतो? परचेसला ते कोण सांगणार. अर्धे पैसे ॲडव्हान्स गेले.

काम झालं. मग पुरावे आले, आणि पुराव्यांची ही हौसच मला खटकली. चिमणीचं तापमान आधी २४५ अंश होतं, काम झाल्यावर २२०. "बघा साहेब, पाण्याच्या बाजूची खपली गेली." ऐकायला पटतं. साधारण २२ अंश चढले की एक टक्का इंधन जास्त जातं, हा हिशेब बॉयलर हाऊसमध्ये सगळ्यांना पाठ असतो. पण त्यांच्या पोरांनी धुराच्या बाजूने नळ्यांना ब्रश मारला होता. काजळी निघाली की चिमणी तेवढी उतरतेच. ते काम आमची माणसं दर महिन्याला करतात, फुकट. तुमच्याकडे हाच आकडा दाखवला तर आधी विचारा, धुराच्या बाजूने ब्रश कधी मारला? दोन्ही कामं एकत्र केली तर चिमणीवरून पाण्याच्या बाजूचं काहीच सिद्ध होत नाही.

दुसरा पुरावा म्हणजे पोतं. खपलीने भरलेलं, 'तुमच्या बॉयलरमधून शंभर किलो निघाली'. आमचे अटेंडंट मामा, फर्स्ट क्लास, आयुष्य बॉयलरपुढे गेलेलं. त्यांनी पोत्यात हात घालून एक तुकडा काढला, अंगठा फिरवला आणि माझ्या हातात दिला.

"साहेब, ही आपली नाही."

तुकड्याची एक बाजू खडबडीत, एक गुळगुळीत. गुळगुळीत ती लोखंडाला चिकटलेली. आमच्याकडे खपली नळीच्या बाहेरून धरते, म्हणजे गुळगुळीत बाजू खोलगट निघायला हवी. पोत्यातल्या एकूण एक तुकड्याची गुळगुळीत बाजू फुगीर. नळीच्या आतून धरलेली खपली अशी असते. म्हणजे कुठल्यातरी वॉटर ट्यूब बॉयलरचा, जिथे पाणी नळीच्या आत असतं, माल घेऊन ही मंडळी दारोदार फिरत होती. मामांनी मग मोबाइल सळईला बांधून मॅनहोलमधून आत सोडला. वरच्या दोन ओळी, जिथे टॉर्चचा उजेड पोचतो, तिथे नळ्या चकाचक. खाली, नळ्यांच्या मधे आणि भट्टीच्या पाठीवर पांढरा थर जसाच्या तसा. वाकवलेल्या वेल्डिंग रॉडने खरवडलं तर कुरडयांच्या चुऱ्यासारखा ढीग खाली पडला. भट्टीच्या पाठीवरचा थर सगळ्यात घातक. ज्वाळा आतून, पाणी बाहेरून, मधे थर आला की पत्रा थंड राहत नाही आणि फुगतो.

'आफ्टर' म्हणून दिलेला फोटोही आमचा नव्हता. आमच्या मॅनहोलखालून फीडच्या पाण्याचा भोकं पाडलेला पाइप आडवा जातो. फोटोत तो नाहीच.

पण सगळ्यात मजेशीर होता त्यांचा रिपोर्ट, छान बाइंडिंग केलेला. ॲसिडची तीव्रता सुरुवातीला ५ टक्के, शेवटीही ५ टक्के. म्हणजे ॲसिड कशाशी लढलंच नाही! खपली विरघळते तेव्हा ॲसिड खर्च होतं. दर तासाला टायट्रेशन करायचं, म्हणजे ॲसिडची तीव्रता मोजायची, ती त्यासाठीच. आकडा उतरायचा थांबला की काम संपत आलं. शिवाय आमच्या शेलमध्ये पाणी बसतं चारेक हजार लिटर. त्याची ५ टक्के तीव्रता करायला शुद्ध हायड्रोक्लोरिक २०० किलो लागेल, बाजारातलं ३० टक्क्यांचं साडेसहाशे किलोच्या वर. गेटच्या रजिस्टरमध्ये नोंद होती पस्तीस लिटरच्या दोन कॅनची. ऐंशी किलो, फार तर.

त्या कॅनमध्ये इन्हिबिटर, म्हणजे ॲसिडपासून लोखंड वाचवणारं रसायन, होतं का, हेही मामांनी बघितलं. तळाशी उरलेल्या ॲसिडमध्ये पॉलिश पेपरने घासलेला खिळा टाकला. इन्हिबिटर असता तर तुरळक बुडबुडे आले असते. खिळा फसफसायला लागला. म्हणजे खपली राहिली आणि जिथे ॲसिड पोचलं तिथे लोखंड खाल्लं. ॲसिड-लोखंडातून हायड्रोजन निघतो, आणि त्यांचा एक पोरगा मॅनहोलशेजारी बिडी ओढत होता. मामांनी त्याला हाकललं, नाहीतर ही हकिकत पेपरात आली असती.

तपासणीची तारीख पुढे ढकलून आम्ही काम दुसऱ्याकडून करून घेतलं. आधी आमच्याच नळीवरचा तुकडा ॲसिडमध्ये टाकून बघितला. फसफसला, म्हणजे कार्बोनेट. नुसता पडून राहिला असता तर सिलिका किंवा सल्फेटची शंका, आणि साध्या हायड्रोक्लोरिकने ते हलत नाही. इन्हिबिटर घातलेलं ॲसिड, वजन करून लटकवलेली लोखंडी पट्टी (लोखंड किती खाल्लं ते कळायला), दर तासाचं टायट्रेशन आमच्या समोर, मग सोडा ॲशने न्यूट्रल आणि भरपूर धुणं. मडहोलमधून गाळ हाताने काढला.

पहिल्या माणसाचा ॲडव्हान्स परत आलेला नाही. वकिलाची नोटीस पाठवली. बिलावरच्या पत्त्यावर कुलूप लावलेला गाळा निघाला. उरलेले अर्धे पैसे मात्र वाचले. आता आमच्या ऑर्डरमध्ये ओळ घातली आहे, की उरलेली रक्कम मॅनहोल उघडे असताना आमच्या अटेंडंटने आत बघून सही केल्यावर, आणि गॅस्केट बसवून झाकण बंद करायच्या आधी. ही ओळ वाचून दोन पार्ट्यांनी कोटेशन मागे घेतलं.