नारिंगी रंगाखालची फ्रेम

जुन्या, हलक्या वजनाच्या रेसिंग सायकली जमवणाऱ्या आणि त्यातही इटालियन फ्रेमच्या शोधात असणाऱ्या मंडळींसाठी हा अनुभव लिहीत आहे. गेल्या वर्षी मी इंग्लंडमधील एका खासगी विक्रेत्याकडून 'कोलनागो सुपर, १९७२' ही इटालियन रेसिंग सायकल म्हणून एक सायकल २,१५० पौंडांना विकत घेतली. ती कोलनागो नव्हती. तिच्यावरचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग मात्र अस्सल होता, आणि मी फसलो तो नेमका त्यामुळेच.

मी पुण्यात वाढलो. वडिलांच्या काळ्या रॅले सायकलच्या बिल्ल्यावर कोरलेले 'नॉटिंगहॅम' हे नाव मी अक्षरओळख झाल्यापासून वाचत आलो होतो. पुढे नोकरीच्या निमित्ताने त्याच गावी येऊन स्थायिक झालो, हा योगायोगाचा भाग. इथे आल्यावर पहिल्या दहा वर्षांत पाच-सहा इंग्लिश सायकली जमवल्या, रेनॉल्ड्स ५३१ या इंग्लिश पोलादी नळीच्या फ्रेम हाताळल्या, त्यांचे लग (नळ्या ज्यांत बसवून जोडतात ते धातूचे सांधे) आणि जोड ओळखायला शिकलो. त्यामुळे आपल्याला यातले बऱ्यापैकी कळते असा समज झाला होता. इटालियन फ्रेम मात्र तोवर एकही उघडून पाहिली नव्हती, आणि ही उणीव मला तेव्हा उणीव वाटत नव्हती.

नारिंगी कोलनागोचे एवढे काय, हे या छंदाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. मिलानजवळच्या कांबियागो गावात एर्नेस्तो कोलनागो यांनी घडवलेल्या सायकलींवर एडी मेर्क्स हा बेल्जियन सायकलपटू मोल्तेनी संघाच्या नारिंगी रंगात शर्यती जिंकत होता. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत त्याने एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला, तोही कोलनागोच्याच नारिंगी सायकलवर, जिचे वजन पावणेसहा किलो होते. तेव्हापासून 'मोल्तेनी नारिंगी' ही जणू एक पदवीच झाली आहे. तोच साचा आणि तेच वर्ष असले, तरी दुसऱ्या रंगातल्या फ्रेमपेक्षा या रंगातली फ्रेम अधिक भावाने जाते. त्यात १९९७ मध्ये तोस्कानातल्या गायोले गावी 'लेरोइका' ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. १९८७ पूर्वीची सायकल, गिअरचे दांडे फ्रेमच्या खालच्या नळीवर, पायडलला पट्टे, असे तिचे नियम आहेत. तिचीच इंग्लिश बहीण २०१४ मध्ये आमच्या शेजारच्या डर्बीशरमध्ये निघाली. त्या फेरीत नारिंगी कोलनागोवरून जायचे, हे माझे स्वप्न होते. विक्रेत्याशी पहिल्याच संभाषणात मी ते त्याला सांगूनही टाकले. हा माझा पहिला मूर्खपणा.

जाहिरातीत एकूण ३१ छायाचित्रे होती. मागच्या डिरेलरची (गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाची) चार, दोन्ही हबची सहा, ब्रेकच्या दट्ट्यांची तीन, चिनेल्ली हॅन्डलवरच्या जुन्या ढालीच्या आकाराच्या चिन्हाची दोन. डिरेलर कॅम्पाग्नोलो या इटालियन कंपनीचा 'नुओवो रेकॉर्ड' होता. त्याच्या वरच्या सांध्यावर 'पेटंट' या शब्दापुढे वर्षाचे दोन आकडे ठोकलेले असतात. तिथे ७२ स्पष्ट दिसत होते. चिनेल्लीचे चिन्ह सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बदलले, म्हणजे ढालीचे चिन्हही काळाशी जुळत होते. मी रात्री दोन वाजेपर्यंत भिंग घेऊन ही छायाचित्रे तपासत बसलो होतो आणि प्रत्येक भाग खरा ठरला की माझी खात्री आणखी एक पायरी वर चढत होती. बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे पायडलच्या दांड्यांचा कणा ज्या आडव्या नळकांड्यात बसतो त्या भागाचे, खालून घेतलेले एकही छायाचित्र नाही, हे माझ्या लक्षात आले नाही असे नाही. मी ते मागितले. 'सायकल भिंतीला टांगली आहे, तुम्ही येणारच आहात तर समोरच पाहा,' असे उत्तर आले, आणि ते मला पटले.

मी गेलो तो नोव्हेंबरातला शनिवार होता आणि साडेचारलाच अंधार पडला होता. गॅरेजमध्ये एकच पिवळा दिवा होता. विक्रेता साठीचा, अतिशय अदबशीर, हात सतत फडक्याला पुसत बोलणारा गृहस्थ होता. त्याचे काका मिलानमध्ये नोकरीला होते, त्यांनी ही सायकल तिथे नवी घेतली, वार्धक्यात त्यांना ती चालवता येईना, असे त्याने सांगितले. ही गोष्ट सांगताना त्याने एकदाही घाई केली नाही; मध्येच चहा विचारला, काकूंच्या आजारपणाचे सांगितले. फ्रेमला दहाएक वर्षांपूर्वी पुन्हा रंग दिल्याचे त्याने आपणहून कबूल केले. आज मागे वळून पाहताना मला त्याच्या सगळ्या बोलण्यात ही कबुली सर्वांत हुशारीची वाटते, कारण एक उणीव प्रामाणिकपणे सांगणाऱ्या माणसाकडून दुसरी लपवली जाईल असे आपल्या मनात येत नाही. मी सायकल उलटी करून पाहिली. बॉटम ब्रॅकेटच्या डाव्या कपावर, म्हणजे कण्याचे छर्रे धरणाऱ्या आट्यांच्या वाटीवर, ग्रीसचा जाड थर होता. मालक निगा राखणारा आहे असे मला त्यावरून वाटले.

पैसे देताना त्याने एक विनंती केली. ऑनलाइन पैसे पाठवताना 'वस्तूची खरेदी' हा पर्याय न निवडता 'मित्र व नातेवाईक' हा निवडावा, म्हणजे साठ-पासष्ट पौंडांचे शुल्क वाचेल. मी तसे केले. या पर्यायाने पाठवलेल्या पैशांना खरेदीदाराचे संरक्षण लागू होत नाही, हे मला माहीत होते. माहीत असून केले, हे इथे लिहायलाच हवे.

चार महिने ती सायकल माझ्या बैठकीच्या खोलीत होती. मार्चमध्ये फेरीच्या तयारीसाठी छर्रे धुऊन नवे ग्रीस भरावे म्हणून मी ती एका निवृत्त फ्रेम कारागिराकडे नेली. या गृहस्थाने चाळीसेक वर्षे लग आणि नळ्या ब्रेझिंगने (दुसरा धातू वितळवून) जोडल्या आहेत; आता घराच्या मागच्या खोपटात ओळखीपुरते काम करतो. त्याने दांडे उतरवले, उजव्या बाजूच्या कपावर मोठा पाना बसवला आणि डावीकडे जोर दिला. कप हलला नाही. त्याने पान्याच्या दांडीला लोखंडी नळी लावून पुन्हा जोर दिला. तेव्हा कप किंचित हलला, पण सुटण्याऐवजी आवळल्यासारखा. तो थांबला, काही बोलला नाही, पाना काढून खाली ठेवला आणि सायकलच्या दुसऱ्या बाजूला जाऊन डाव्या कपावरचे ते ग्रीस चिंधीने पुसू लागला. खाली ठोकलेले आकडे दिसले: १.३७० गुणिले २४. मग त्याने व्हर्निअर कॅलिपर लावून नळकांड्याची रुंदी मोजली आणि मला ती स्वतः वाचायला सांगितली. ६८ मिलिमीटर.

हे आकडे काय सांगतात ते थोडे सविस्तर लिहितो, कारण पुढच्या खरेदीदाराला हीच माहिती वाचवील. इटालियन फ्रेमचे बॉटम ब्रॅकेट ७० मिलिमीटर रुंद असते, त्यातील कपांचा व्यास ३६ मिलिमीटर असतो आणि दोन्ही बाजूंचे आटे सरळ असतात. म्हणून उजवा कप डावीकडे फिरवला की सुटतो. इंग्लिश फ्रेमचे ६८ मिलिमीटर असते, कपाचा व्यास १.३७० इंच असतो, त्याला इंचात २४ आटे असतात आणि उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. तो कप उजवीकडे फिरवावा लागतो. कारागिराने पाना पुन्हा बसवून उजवीकडे जोर दिला, तेव्हा तो कप अर्ध्या मिनिटात हातात आला. फ्रेम इंग्लिश होती.

एखादी इटालियन फ्रेम दुरुस्तीच्या वेळी किंवा परदेशी गिऱ्हाइकासाठी वेगळ्या आट्यांची केली गेली असेल, अशी आशा मी तेव्हाही धरून पाहिली. त्यावर त्याने सीटची दांडी उपसून काढली. नळीत दडलेल्या तिच्या टोकाला २६.६ असा आकडा होता. कोलनागो सुपरसाठी कोलंबस या इटालियन कंपनीच्या ज्या बारीक पत्र्याच्या नळ्या वापरत, त्यांत २७.२ मिलिमीटरची दांडी बसते. बाहेरचा व्यास तोच, २८.६, पण दांडी बारीक, म्हणजे नळीचा पत्रा जाड. नळी साध्या प्रतीची. मग त्याने बॉटम ब्रॅकेटच्या तळाशी चाकूच्या टोकाने हलकेच खरवडले. नारिंगी रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती. ती पापुद्र्यासारखी निघाली आणि खालून पाच आकडी क्रमांक वर आला. त्या काळातल्या कोलनागो फ्रेमवर बहुधा क्रमांक नसतो. इंग्लिश कारागीर मात्र तो याच जागी ठोकत. मागच्या ड्रॉपआउटवर, म्हणजे चाकाचा आस ज्या खाचेत बसतो त्या भागावर, मडगार्डच्या कड्या कानशीने घासून काढल्याची सपाट खूण बोटाला जाणवत होती. ते ड्रॉपआउट कॅम्पाग्नोलोचे होते खरे, पण इंग्लंडमधल्या कितीतरी कारागिरांनी तेच वापरले आहेत, त्यामुळे त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कोलनागोचे किलवरचे चिन्ह या सायकलवर जिथे जिथे होते तिथे तिथे ते कागदी होते. धातूत कोरलेले एकही नव्हते. अशी चिकटचिन्हे दुरुस्तीसाठी उघडपणे विकली जातात आणि त्यात गैर काहीच नाही.

ही एखाद्या क्लबच्या सभासदाने रोज वापरलेली, बऱ्या कारागिरीची इंग्लिश फ्रेम असावी, असे कारागिराचे मत पडले. ती तिच्या मूळ नावाने विकली असती तर मी कदाचित आनंदाने दोनशे पौंड दिले असते. सुट्या भागांचे सहा-सातशे धरले तरी साडेबाराशे-साडेतेराशे पौंड मी निव्वळ रंगाला आणि काकांच्या गोष्टीला दिले.

विक्रेत्याला मी छायाचित्रांसह सविस्तर पत्र लिहिले. 'काकांनी मला जे सांगितले तेच मी तुम्हाला सांगितले, आणि तुम्ही स्वतः पाहून घेतली,' असे दोन ओळींचे उत्तर आले. त्यानंतर काहीच नाही. इंग्लंडमध्ये दहा हजार पौंडांपर्यंतचा दावा लहान दाव्यांच्या न्यायालयात लावता येतो, आणि खासगी विक्रेत्यालाही वस्तूचे खोटे वर्णन करून ती विकता येत नाही. पण वर्णन सिद्ध करायला ते हाताशी असावे लागते. जाहिरात त्याने विक्रीच्या दिवशीच काढून टाकली होती. मी ३१ छायाचित्रे जपून ठेवली होती. त्यांच्यावरचा मजकूर मात्र उतरवून घेतला नव्हता, ज्यात 'कोलनागो सुपर' हे शब्द होते. मोबाइलवरच्या आमच्या संभाषणात त्याने सायकलचा उल्लेख प्रत्येक वेळी 'ती नारिंगी' असा केला आहे. मी संपूर्ण संवाद तीनदा वाचला. 'कोलनागो' हा शब्द त्यात अकरा वेळा आहे आणि अकराही वेळा तो माझा आहे.

पुण्या-मुंबईतले काही मित्र इथून फ्रेम मागवतात आणि कोणाच्या तरी सामानातून नेतात, म्हणून त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की सीटच्या दांडीचे टोक, दोन्ही कपांचे पुसलेले तोंड आणि पट्टी लावून मोजलेली बॉटम ब्रॅकेटची रुंदी, ही तीन छायाचित्रे हातात आल्याशिवाय डिरेलरकडे पाहूच नये. ती काढायला विक्रेत्याला फारतर दहा मिनिटे लागतात.

गेल्या महिन्यात तसेच गॅरेजचे दार मागे असलेली दुसरी एक सायकल विकायला निघालेली मी पाहिली. या वेळी रंग निळा होता, छायाचित्रे २८ होती आणि खालून घेतलेले एकही नव्हते. मी वेगळ्या नावाने कपाचे छायाचित्र मागितले, तेव्हा तासाभरात जाहिरात नाहीशी झाली. दोन दिवसांनी ती पुन्हा आली. किंमत शंभर पौंडांनी वाढवली होती आणि मजकुरात एका वाक्याची भर होती: 'बॉटम ब्रॅकेटला नुकतेच नवे ग्रीस भरले आहे.'