फायफॉक्स: जुन्या डिझेल फोर-बाय-फोरची थरथर फोनवर ओळखताना

ताशी ऐंशीच्या आसपास सीट आणि तळ थरथरायला लागले की जुन्या डिझेल फोर-बाय-फोरवर खर्च बहुधा एका ठरलेल्या क्रमाने होतो. आधी व्हील बॅलन्सिंग, मग टायर, मग प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून चाकांकडे फिरणं पोचवणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे टोकांचे सांधे, शेवटी इंजिन फाउंडेशन, म्हणजे इंजिनाखालचे रबरी आधार. एवढं करूनही थरथर तशीच राहते, कारण कोणता भाग किती वेगाने फिरतो हा हिशेब कुणी केलेलाच नसतो. फायफॉक्स हे अ‍ॅप तो हिशेब करायला मदत करतं, आणि या कामात ते फार उपयोगी आहे.

जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात ते तयार झालं आणि २०१६ पासून उपलब्ध आहे. मोफत आहे, ओपन सोर्स आहे, जाहिराती नाहीत. फोनमधले सेन्सर वापरून भौतिकशास्त्राचे प्रयोग करता यावेत, हा त्याचा मूळ हेतू. आपल्याला त्यातला ‘अ‍ॅक्सिलरेशन स्पेक्ट्रम’ लागतो. फोनने टिपलेली हालचाल तो वेगवेगळ्या वारंवारतांमध्ये फोडून आलेख काढतो, आणि जिथे थरथर जास्त तिथे सुळका दिसतो.

सुळका कुठे अपेक्षित आहे हे आधी कागदावर काढून ठेवा. टायरवर खडूची खूण करा, चालकाला आत बसवा, गाडी एक पूर्ण फेरा ढकला आणि जमिनीवरचं अंतर मोजा. २६५/७० आकाराचा, १६ इंची रिमचा टायर साधारण २.३७ मीटर भरेल. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला ९.४ फेरे. डिफरन्शियलचं (शाफ्टचं फिरणं चाकांना देणाऱ्या गिअरसंचाचं) गुणोत्तर ४.१० असेल तर प्रोपेलर शाफ्ट ३८.४ फेरे घेतो. इंजिनाचा आकडा आरपीएम (मिनिटाला फेरे) भागिले ६०. २,००० आरपीएमला ३३.३.

आलेखावर वारंवारता हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती वेळा, अशी असते. यावरून वाचन असं: ९.४ हर्ट्झला सुळका असेल तर टायर, रिम, हब किंवा ब्रेक ड्रम. १८.८ ला असेल तर टायर लंबगोल झाला असण्याची शक्यता मोठी, कारण तो एका फेऱ्यात दोनदा उचलतो. ३८.४ ला असेल तर शाफ्टचा असमतोल, वाकलेला किंवा चेपलेला ट्यूब, पिनियन फ्लँजचं (शाफ्ट डिफरन्शियलला जोडणाऱ्या चकतीचं) रनआउट, म्हणजे वाकडं फिरणं. ७६.९ ला असेल तर क्रॉसच्या कोनाचा प्रश्न, कारण कोनात चालणारा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो.

एका ठिकाणी हमखास फसगत होते. पाच गिअरच्या बहुतेक जुन्या गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर थेट, म्हणजे १:१ असतो. त्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, दोघांचे सुळके एकावर एक बसतात आणि आलेखावरून दोष कुणाचा ते कळत नाही. पाचव्यात घ्या. गुणोत्तर ०.८५ असेल तर शाफ्ट ३८.४ वरच राहतो, इंजिन ३२.७ वर येतं आणि दोघं स्पष्ट वेगळे दिसतात.

फोन डॅशबोर्डच्या होल्डरमध्ये मुळीच ठेवू नका. होल्डर स्वतःच डोलतो आणि त्याचीच वारंवारता मोठी दिसते. पुढच्या सीटचा रेल जिथे तळाला बोल्ट केलेला असतो तिथे फोन सपाट ठेवा, वरचं टोक गाडीच्या पुढच्या दिशेला, आणि दुहेरी चिकटपट्टीने घट्ट बसवा. इंजिनावर किंवा गिअरबॉक्सवर बांधायचा मोह टाळा. जोरदार, सततच्या थरथरीने कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते. अ‍ॅपलने २०२१ मध्ये मोटरसायकलवर आयफोन लावण्याबाबत असाच इशारा दिला होता. फोन हाताळायला शेजारी दुसरं माणूस हवं, नाहीतर वेळ लावून आपोआप सुरू-बंद होणारी नोंद वापरा.

आता अ‍ॅपची, खरं तर फोनची, सर्वांत महत्त्वाची मर्यादा. फोन सेकंदाला जितक्या नोंदी घेतो त्याच्या निम्म्यापर्यंतचीच वारंवारता खरी दिसते. अनेक अँड्रॉइड फोन २०० ते ५०० नोंदी घेतात, आयफोनवर १०० मिळतात. म्हणजे आयफोनची हद्द ५० हर्ट्झ. त्यापलीकडची थरथर गायब होईलच असं नाही, ती दुमडून चुकीच्या जागी दिसू शकते. ७६.९ ची थरथर १०० वजा ७६.९, म्हणजे २३.१ वर उभी राहते, आणि त्या आकड्याशी जुळणारा भाग गाडीत शोधून सापडत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: वेग वाढवला की खरा सुळका उजवीकडे सरकतो, दुमडलेला डावीकडे. ताशी ७० ला तोच सुळका ३२.७ वर असेल आणि ८० ला २३.१ वर येईल. शक्य असेल तर जास्त नोंदी घेणारा फोनच वापरा.

एका आलेखासाठी किती नोंदी घ्यायच्या ते सेटिंगमध्ये बदलता येतं. सेकंदाला १०० नोंदी असतील तर १,०२४ नोंदींना दहा सेकंद लागतात आणि ०.१ हर्ट्झचा फरक ओळखता येतो. मात्र ते दहा सेकंद वेग स्थिर हवा. ताशी एका किलोमीटरच्या फरकाने शाफ्टचा सुळका अर्ध्या हर्ट्झने सरकतो आणि पसरट होतो. स्पीडोमीटर सहसा जास्तच दाखवतो, म्हणून वेग जीपीएसवरून घ्या.

आलेख वेग सांगतो, पण दोष ओझ्यावर अवलंबून आहे का हे चालवूनच कळतं. रिकाम्या सरळ रस्त्यावर स्थिर वेग, मग अ‍ॅक्सिलरेटर दाबून, मग सोडून, आणि शेवटी न्यूट्रलमध्ये अशा चार नोंदी घ्या. इंजिन बंद करू नका, स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत जाते. न्यूट्रलमध्येही ३८ चा सुळका तेवढाच उंच राहिला तर शाफ्टचा समतोल तपासा. दाबल्यावरच वाढत असेल तर पिनियन बेअरिंग, स्लिप योकचे (शाफ्टच्या लांबीत सरकणाऱ्या जोडाचे) घासलेले खाचे, बसलेलं गिअरबॉक्स माउंटिंग (त्याचा रबरी आधार). आणि मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असतील तर ओझ्याखाली अ‍ॅक्सल वळून बदलणारा पिनियनचा कोन. सस्पेन्शन उंच केलेल्या गाडीत मी कोनच आधी मोजेन. एकेरी क्रॉसच्या (प्रत्येक टोकाला एकच क्रॉस असलेल्या) शाफ्टला दोन्ही टोकांचे कोन एक अंशाच्या फरकात जुळायला हवेत आणि दोन्ही योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत हवेत. काही गाड्यांच्या पुढच्या शाफ्टची मांडणी कारखान्यातूनच वेगळी असते, तेव्हा मॅन्युअल पाहिल्याशिवाय योक फिरवू नका.

फ्री-व्हीलिंग हब (पुढची चाकं अ‍ॅक्सलपासून मोकळी करणारे हब) असलेल्या पार्टटाइम गाडीत, म्हणजे फोर-व्हील गरजेपुरतंच जोडता येणाऱ्या गाडीत, पुढचा शाफ्ट न काढता तपासता येतो. टू-व्हीलमध्ये हब मोकळे ठेवून एक नोंद, हब लॉक करून दुसरी. दुसरीतच सुळका आला तर शोध पुढच्या शाफ्टपुरता आणि अ‍ॅक्सलपुरता उरतो. असे हब नसतील तर शाफ्ट उतरवावा लागतो. फ्लँजवर आधी खुणा करा, नाहीतर परत बसवताना नवाच असमतोल तयार होईल.

डिझेल इंजिनासाठी आणखी एक नोंद घ्याच, गाडी उभी असताना आयडलवर. ७५० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनाचे स्फोट २५ हर्ट्झवर दिसतात, ते स्वाभाविक आहे. पण ६.२५ वर ठळक सुळका असेल तर एक सिलिंडर कमी काम करतो आहे, कारण प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. तिथे इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासायचं. नुसतं फाउंडेशन बदलून धक्का लपेल, जाणार नाही.

अ‍ॅपचा मला सर्वांत आवडलेला उपयोग शाफ्टचा समतोल साधण्यात आहे. शाफ्टच्या मागच्या टोकाला घेरावर चार खुणा करा, स्क्रूचा होज क्लॅम्प (पाइपावर आवळायची धातूची पट्टी) बसवा, त्याचं डोकं एकेका खुणेवर आणून त्याच वेगाला सुळक्याची उंची लिहा. सर्वांत कमी उंचीच्या खुणेवर दुसरा क्लॅम्प जोडा आणि जास्त वाटलं तर दोन्ही डोकी सारख्या अंतराने बाजूला सरकवा. क्लॅम्प कशालाही घासत नाही हे हाताने शाफ्ट फिरवून पाहा. सुळका निम्म्याखाली आला तर दोष असमतोलाचाच, आणि शाफ्ट बॅलन्सिंगला द्यावा. क्रॉस सैल असेल तर हा प्रयोग करू नका, आधी क्रॉस बदला.

उंचीची तुलना फक्त त्याच फोनवर, त्याच जागी, त्याच वेगाला खरी. शाफ्टच्या कोणत्या टोकाला दोष आहे हे अ‍ॅप सांगत नाही. तिथे अजून गाडीखाली झोपून पान्याने योक हलवून पाहावा लागतो. बेअरिंगची घरघर अ‍ॅक्सिलरेशन स्पेक्ट्रमच्या हद्दीबाहेर असते, त्यासाठी याच अ‍ॅपमधला ‘ऑडिओ स्पेक्ट्रम’ थोडाफार चालतो. आरपीएमची नोंद ते घेत नाही, तेव्हा टॅकोमीटरचा आकडा प्रत्येक नोंदीबरोबर वहीत लिहावा लागतो. माहिती एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये बाहेर काढता येते, आणि दुरुस्तीआधीची फाइल जपून ठेवली तर नंतरची नोंद तिच्याशेजारी ठेवून काम झालं की नाही ते मेकॅनिकलाही दाखवता येतं.