वाघ आणि बिबट्या: ताकद कुणाची, चपळाई कुणाची?

अंगबळात तुलनाच नाही. पूर्ण वाढलेला नर वाघ सहज 200 किलो भरतो, नर बिबट्या 60-70 किलोचा. गव्यासारखं धूड लोळवावं ते वाघानंच! पाण्याचंही त्याला भारी वेड. ताडोब्यात उन्हाळ्यात वाघ पाणवठ्यात शिरतो तो बरेचदा उलटा, आधी शेपटीकडचा भाग भिजवत.

झाडावर मात्र बिबट्याच राजा. स्वतःच्या वजनाएवढी शिकार जबड्यात धरून तो सरळ खोडावर चढतो. वाघाला तिथे त्याचं वजनच आडवं येतं. माझ्या मते बिबट्याची खरी करामत जुळवून घेण्यात आहे. हरीण नाही तर कुत्रं, डुक्कर, ससा, अगदी उंदीरही चालतो. म्हणूनच जुन्नरच्या उसात त्याची मादी पिल्लं वाढवते.