तीन वर्षांचं क्लाउड एकदम घेताय? आधी खातं कुणाच्या नावावर आहे ते बघा

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांसाठी हे लिहितोय. टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर क्लाउडवर, म्हणजे दुसरीकडच्या भाड्याच्या सर्व्हरवर नेऊन देतो म्हणून आमच्याकडून तीन वर्षांचे पैसे एकरकमी घेणारा माणूस अजून याच भागात फिरतोय. त्याचं बोलणं गोड आहे आणि त्यातलं निम्मं खरंही आहे. घोळ त्या निम्म्या खऱ्यामुळेच होतो.

आमचं कास्टिंग मशिनिंगचं युनिट, प्रायव्हेट लिमिटेड. सर्व्हर कारखान्यातच असायचा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. कारखाना कोरडा, पण तिथवर पोचणार कोण? शहरात बसून ना येणी बघता येत होती, ना बिल काढता येत होतं. दुसऱ्या पुरानंतर काकांनी ठरवलं, हिशोब बाहेर कुठंतरी ठेवायचा.

दोन-तीन ठिकाणांहून दर मागवले. या माणसाचा दर बाकीच्यांच्या निम्म्याहून कमी. कारण विचारलं तर म्हणाला, "काका, अॅमेझॉनचं मुंबईचं मशीन आहे. तीन वर्षांचं एकदम बुक केलं की ते निम्म्या भावात देतात." हे खोटं नाही. अॅमेझॉनचं सर्व्हर भाड्यानं देणारं मुंबईतलं केंद्र २०१६ पासून आहे आणि मुदतीची आगाऊ हमी दिली की दर खरोखर बराच खाली येतो. काकांनी विचारलं, "मग बिल अॅमेझॉनचं का येत नाही?" "आम्ही पार्टनर आहोत काका, बिल आमचंच यायचं." तेही शक्य आहे, खरे पार्टनर स्वतःच्या नावानं बिल देतात. पण ते मागितल्यावर खात्याचं लॉगिन दाखवतात. इथं लॉगिन मागितलं की 'सिक्युरिटी पॉलिसी' आडवी यायची.

बाकीच्यांचे दर जास्त का होते, हे पुढं कळलं. विंडोज सर्व्हरवर परवान्याशिवाय फक्त दोन जणांना बाहेरून जोडता येतं, तेही देखभालीच्या कामापुरतं. आमचे आठ जण बसणार, म्हणजे प्रत्येकासाठी रिमोट डेस्कटॉपचा परवाना हवा. बाकीच्यांनी तो दरात धरला होता. यानं तो कधी घेतलाच नाही, कुठलीशी जुगाडी फाइल टाकून मर्यादा उडवली होती.

पहिली ठिणगी आमच्या अकाउंटंट बाईंकडून पडली. या बिलावरचा १८ टक्के जीएसटी आमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीत दिसेना. जानेवारी २०२२ पासून २बी मध्ये नसलेल्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही, त्यामुळे बाईंनी ते बाजूला ठेवलं. याला विचारलं की "पुढच्या महिन्यात येईल, मॅडम." शेवटी बाईंनी त्याचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघितला. नोंदणी रद्द, आणि तीही आमचं बिल फाडायच्या आधीच. कुणालाही पैसे पाठवण्याआधी हा नंबर तपासता येतो. फुकट आहे, लॉगिनही लागत नाही.

दुसरी गोष्ट ऑडिटमध्ये निघाली. कंपन्यांच्या लेख्यांच्या नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये बदल झाला. हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप प्रत्यक्ष भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज घ्यावा लागतो. ऑडिटर साहेबांनी त्याचा पुरावा मागितला. यानं अॅमेझॉनचा लोगो लावलेली एक पीडीएफ पाठवली. साहेबांबरोबर आलेल्या आर्टिकलशिपच्या पोरानं ती बाजूला ठेवली आणि आम्ही रोज जोडतो तो सर्व्हरचा इंटरनेटवरचा आयपी पत्ता तपासला. तो जर्मनीतल्या एका स्वस्त होस्टिंगवाल्याचा निघाला! अॅमेझॉन आपल्या सगळ्या आयपी पत्त्यांची यादी जाहीर ठेवतं, त्यातही हा नव्हता. महिनाअखेरीला टॅली कण्हत का चालायची, त्याचाही उलगडा झाला. प्रत्येक क्लिक युरोपला जाऊन येत होती.

मग पोरानं सर्व्हरची डी ड्राइव्ह उघडली. 'रोजचा बॅकअप' तिथंच होता, त्याच मशीनवर. मशीन गेलं की बॅकअपही गेला. आणि शेजारी दुसऱ्या कंपन्यांची फोल्डरं, नावानिशी. त्यातली एक आमच्याच धंद्यातली, आम्ही ज्यांच्याविरुद्ध कोटेशन टाकतो ती. त्यांचे दर आम्हाला उघडता आले असते. म्हणजे आमचेही त्यांना. शिवाय रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ हे पोर्ट, म्हणजे बाहेरून जोडायचं दार, सगळ्या जगाला उघडं. अशी पोर्टं शोधून पासवर्ड ठोकत बसणारे प्रोग्रॅम चोवीस तास चालू असतात, डेटाला कुलूप लावून खंडणी मागणारं रॅन्समवेअर शिरण्याची ही नेहमीची वाट. हिशोबाला कुलूप लागलं नाही, हे नशीबच.

काका लगेच फोन लावायला निघाले होते. ऑडिटर साहेबांनी थांबवलं: "आधी डेटा काढून घ्या, भांडण उद्या." संध्याकाळी टॅलीचा पूर्ण बॅकअप घेतला, ऑफिसच्या मशीनवर उतरवला, उघडून ताळा जुळवला आणि मगच फोन केला. दुसऱ्या दिवशी आमचे पासवर्ड बंद. डेटा हवा असेल तर 'ट्रान्सफर चार्ज' भरा, तो अॅमेझॉन लावतं म्हणाला. मशीन अॅमेझॉनचं नव्हतंच, हे सोडून द्या. पण अॅमेझॉनचाही हिशोब असा की महिन्याला १०० जीबी बाहेर नेणं फुकट. आमची सगळ्या वर्षांची टॅली त्याच्या जवळपासही नाही. जीएसटीआर-३बी या दरमहाच्या रिटर्नची २० तारीख तोंडावर असताना ही मागणी आली, हा योगायोग वाटत नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार ताबडतोब केली तर बँकेत रक्कम अडवता येते. आमचे पैसे कधीच गेले होते. ग्राहक न्यायालयात जावं म्हटलं तर वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेली सेवा त्यात बसत नाही. नोटीस पाठवली, ती 'या पत्त्यावर राहत नाही' शेऱ्यासह परत आली. पोलिसांतली तक्रार चालू आहे.

आता खातं कंपनीच्या ईमेलवर, कंपनीच्या जीएसटी नंबरावर आहे. मुख्य लॉगिनचा दुसरा कोड काकांच्या मोबाइलवर येतो. नव्या माणसाला त्याच्यापुरतं वेगळं लॉगिन दिलंय, पटलं नाही तर ते बंद करता येतं. बिल थेट अॅमेझॉन वेब सर्व्हिसेस इंडियाचं, रुपयांत, आणि २बी मध्ये दिसतं. सर्व्हरशी व्हीपीएनमधूनच, म्हणजे फक्त आमच्यापुरत्या बंद वाटेनं जोडायचं. रात्री आणि रविवारी तो बंद असतो. महिन्याच्या ७२० तासांपैकी साधारण ३१२ तासच त्याचं भाडं लागतं, डिस्कचं मात्र पूर्ण. ठरलेल्या रकमेपुढे बिल जायला लागलं की ईमेल येतो. दर आठवड्याला एक प्रत ऑफिसच्या डिस्कवरही उतरते. परवाने धरून हा खर्च त्या 'निम्म्या' दरापेक्षा जास्त आहे, बाकीच्या कोटेशनांपेक्षा कमी.

तो माणूस आता नव्या फर्मच्या नावानं व्हॉट्सअॅपवर पाच वर्षांची ऑफर फिरवतोय, मशीन अॅमेझॉनचंच म्हणे. अॅमेझॉन अशी आगाऊ बांधणी एक किंवा तीन वर्षांचीच करतं. पाच वर्षांची नसतेच.