पार मीटर: एक पावसाळा वापरून झाल्यावर

खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोरलना (प्रवाळांना) कामाचा उजेड किती पोचतो ते मोजणारा हा पार मीटर चांगला आहे, सेल छळतो. परवा रीडिंग घेता घेता स्क्रीन फिकी पडली ती पडलीच. आत सीआर २३२० सेल. बेळगावात खडेबाजारपासून गणपत गल्लीपर्यंत जिथं विचारावं तिथं २०३२ काढून हातावर ठेवतात! तो २० मिमी रुंद, ३.२ मिमी जाड. आपल्याला लागतो तो २३ मिमी रुंद आणि २ मिमी जाड. कप्प्यात २०३२ बसणार कसा? विक्रेत्याला फोन केला तर, "सर, बॅटरी वॉरंटीत येत नाही." अहो, वॉरंटीत नको, विकत तरी द्या की! शेवटी ऑनलाईन मागवला, सेलपेक्षा कुरिअर महाग. एवढ्या किमतीच्या वस्तूत साधा पेन्सिल सेल घालायला काय जात होतं?

घेताना मला वाटत होतं, मोबाईलचं उजेड मोजणारं फुकटचं लक्स अ‍ॅप पुरे. आता तसं वाटत नाही. लक्स आपल्या डोळ्याच्या हिशेबानं मोजतं, ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सगळ्यात जास्त वजन देऊन. आपले लाईट चालतात ४५० च्या आसपासच्या निळ्यावर. पांढरा चॅनल (लाईटमधले पांढरे एलईडी) बंद केला की लक्स धाडकन आपटतो, पारचा आकडा त्या मानानं कमी घसरतो. कोरलमधल्या शैवालाला तो निळा उजेडच तर लागतो.

पैसे वसूल झाले ते पावसाळ्यात. झोअँथिड (फुलांसारखे दिसणारे छोटे कोरल) माना ताणून वर बघायला लागले, म्हणून लाईट वाढवायच्या बेतात होतो. आधी मीटरचा सेन्सर टाकीतल्या दगडाशेजारी ठेवला: ६० पार. पूर्वी तिथंच ९५ यायचे. वर बघितलं तर लाईटच्या काचेवर शिंतोड्यांचं मीठ साचून पांढरा, खरखरीत थर. आरओच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसला आणि आकडा उभ्या उभ्या ९३ वर. लाईट तसाच वाढवला असता आणि मग कधीतरी काच पुसली असती, तर कोरल भाजले असते.

स्टोनी (दगडी सांगाड्याचे) कोरल वन्यजीव कायद्याच्या परिशिष्ट १ मध्ये येतात, त्यामुळं माझ्याकडं सॉफ्ट, म्हणजे मऊच. त्यांना ५० ते १५० पार भरपूर झाले.

सेन्सर आडवा, सपाटच राहायला हवा. कलला की आकडा खोटा. मी तो पीव्हीसी पाईपच्या तुकड्याला बांधलाय. मोजताना वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा पंप) बंद ठेवा, नाहीतर आकडा नाचत राहतो. सेन्सर पाण्याखाली थोडं कमी दाखवतो; त्याचं करेक्शन मीटरमध्येच आहे की हातानं गुणायचं, तेही घेताना विचारा. जुनी मॉडेल्स निळा उजेड कमी दाखवतात, स्वस्तात मिळाली तरी नकोत.

एकट्यानं घेऊ नका, चौघांत एक पुरतो. घाटमाथ्यावर मीठ विकतचं, पाणी आरओचं, वर हा खर्च कशाला? टिळकवाडी, शहापूरकडं कुणाला मोजायचं असेल तर माझा घेऊन जा. परत देताना सेन्सर गोड्या पाण्यानं धुवा, आणि २३२० कुठल्या दुकानात दिसला तर माझ्यासाठी दोन घेऊन ठेवा.