१४ महिने, ११ हजार किलोमीटर: जुनी जिप्सी आणि मुक्कामाची भटकंती

२०१२ सालची, कापडी टपाची पेट्रोल मारुती जिप्सी घेऊन मला आता १४ महिने झाले. या काळात तिने ११ हजार किलोमीटर पळवलं आणि सात वेळा तीन-चार दिवसांचा मुक्काम घडवला. विकत घेण्याआधी मी जे शोधत होतो ते कुठे एकत्र सापडलं नव्हतं. चालवायला कशी आहे हे सगळे सांगतात, पण सांभाळायला कशी आहे हे फार थोडे सांगतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

जिप्सी आपल्याकडे १९८५ साली आली आणि २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी ती बंद झाली. म्हणजे आता जी मिळेल ती वापरलेलीच. पण सैन्यात आणि पोलिसांत ती इतकी वर्षं राबली आहे की तिच्यावर हात बसलेले मिस्त्री अजून सापडतात, आणि पुण्यात नाना पेठेत हिंडलं की बहुतेक सामान मिळतं. इंजिन १.३ लिटरचं, ताकद ८० अश्वशक्तीची. आकडा ऐकून कुणी भारावणार नाही. तिची खरी ताकद तिच्या हलकेपणात आहे. रिकामी गाडी जेमतेम टनभराची. जिथे दुप्पट वजनाच्या गाड्या चिखलात पोटावर बसतात, तिथून ही चाकं फिरवत निघून जाते.

गाडी घरी आली तेव्हा माझ्या डोक्यात मोठे टायर, पुढे दिव्यांची पट्टी आणि विंच (रुतलेली गाडी ओढून काढणारं यंत्र) होतं. आमच्या मिस्त्रीमामांनी गाडी रॅम्पवर घेतली, टॉर्च मारून दहा मिनिटं खालून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, दिवे नंतर लावू. आधी हिची रबरं बघा." पाट्यांचे (स्प्रिंगचं काम करणाऱ्या पोलादी पट्ट्यांचे) रबरी बुश चिरलेले, रेडिएटरची खालची रबरी नळी फुगलेली, पुढच्या दोन्ही नकलमधून (चाकं वळवणाऱ्या सांध्यांमधून) तेल आणि ग्रीस मिसळून बाहेर आलेलं, मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये (सांध्यात) हाताने हलवलं तरी कळेल इतका खेळ. पहिल्या दोन महिन्यांत ५२ हजार रुपये गेले आणि त्यातला एकही रुपया बाहेरून दिसत नाही. आज विचाराल तर त्याच ५२ हजारांच्या जोरावर मी बायको-मुलीला घेऊन रेंज नसलेल्या ठिकाणी निर्धास्त झोपतो. दिव्यांची पट्टी अजून घेतलेली नाही. रात्री कच्च्या रस्त्यावर गाडी चालवायचीच नाही, हे ठरवल्यावर तिची गरजही उरली नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. क्रॉस बदलताना एका दुकानातून मी स्वस्तातला घेतला होता. तीन महिन्यांत त्याच्या आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडल्या आणि ७० च्या वर गेलं की सीटखाली घरघर सुरू. सामान घ्यायचं ते मिस्त्रीला सोबत नेऊन घ्या.

आता देखभालीचा माझा ठरलेला क्रम असा आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चटई टाकून गाडीखाली शिरायचं. ज्या शाफ्टला, शॅकलला (पाटे चेसिसला जोडणाऱ्या दुव्याला) ग्रीसचे निपल, म्हणजे ग्रीस भरायची तोंडं, आहेत तिथे आधी निपल फडक्याने पुसायचं (ही पायरी गाळली तर तुम्ही ग्रीससोबत वाळूही आत ढकलता), मग जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत ग्रीस गन मारायची. पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टचे नट पान्याने तपासायचे. पाट्यांवर चालणाऱ्या गाडीत हे फार महत्त्वाचं. यू-बोल्ट सैल झाला की पाटे आणि अ‍ॅक्सल एकमेकांवर सरकतात, मधला खिळा तुटतो आणि अ‍ॅक्सल जागचा हलतो. खडबडीत वाटेवरून आलो की परतीनंतर शंभरेक किलोमीटरमध्ये पुन्हा एकदा आवळून घेतो. हे सगळं सव्वा तासाचं काम. मुलगी टॉर्च धरते, आणि आता तिला क्रॉस कुठला नि शॅकल कुठला हे नीट कळतं.

सगळ्यात महागाचा धडा भंडारदऱ्याला मिळाला. डिसेंबरातला मुक्काम, साम्रदला एका शेतकरीदादांच्या खळ्यावर तंबू. हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग, त्यामुळे प्रवेशाची पावती आणि मुक्कामाची जागा दोन्ही नीट विचारूनच ठरवलं होतं. घाट चढून गाडी तापलेली होती, वाटेत एक ओढा लागला, आणि पाणी चाकाच्या अर्ध्यापर्यंत असताना आम्ही फोटोसाठी पाचेक मिनिटं मध्येच थांबलो. तापलेल्या अ‍ॅक्सलच्या हौसिंगमधली हवा थंड पाण्यात एकदम आकसते. वर ब्रीदर नावाची छोटी टोपी असते, तिच्यातून हवा आत यायला हवी. माझी टोपी मातीने बुजलेली होती. मग हौसिंगने सीलच्या फटीतून पाणीच ओढून घेतलं. तिथे काहीच कळलं नाही. दोन आठवड्यांनी मामांनी मागच्या डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीचा) नट उघडला, बोटाला तेल लावून मला दाखवलं आणि म्हणाले, "तेल बघा साहेब, चहा झालाय." खरोखरच दुधाळ चहासारखा रंग. तेल दोनदा बदललं, सील नवीन टाकलं, आतले क्राऊन-पिनियन गिअर थोडक्यात वाचले. त्यानंतर दोन्ही अ‍ॅक्सलच्या ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर, बॉनेटखाली आणि मागे टपाच्या सांगाड्यापर्यंत नेली. खर्च काही शे रुपये. पाण्यातून जाणाऱ्या प्रत्येकाने हे काम पहिल्या महिन्यात करावं. आणि ओढा लागला की आधी दहा मिनिटं थांबून गाडी निवू द्यावी, स्वतः चालत पलीकडे जाऊन यावं, मग एका संथ वेगात न थांबता पार व्हावं. डिफरन्शियलला मी जीएल-५ प्रतीचं ८०डब्ल्यू-९० तेल वापरतो आणि पाण्यातून आल्यावर प्रत्येक वेळी नट उघडून रंग पाहतो.

चारही चाकांच्या ओढीबद्दल थोडंसं. माझ्या गाडीच्या पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब आहेत, ते लॉक केले की चाकं शाफ्टला जोडली जातात. कच्चं सुरू व्हायच्या आधीच ते लॉक करतो, कारण चिखलात रुतल्यावर गुडघ्यावर बसून हब फिरवायला जी कसरत लागते ती एकदाच पुरे झाली. डांबरावर मात्र फोर-व्हील अजिबात नको. पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये फरक सोसणारा डिफरन्शियल इथे नाही, त्यामुळे वळणावर सगळा ताण गिअर आणि क्रॉसवर येतो. मऊ जमिनीवर टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली की गाडी वेगळीच वाटते. पण मग हवा भरायचा छोटा पंप सोबत हवाच. बॅटरीला चिमटे लावून चालणारा माझा पंप एका चाकाला पाच मिनिटं घेतो. जॅकखाली ठेवायला जाड लाकडी फळी आणि टोचनसाठी चांगला दोर, हुक चेसिसला पक्का बसवलेला, एवढं कायम गाडीत असतं.

सामानाच्या बाबतीत मी वर्षभरात अर्धं ओझं कमी केलं. मागच्या समोरासमोरच्या सीट काढल्या की सपाट जागा मिळते. तिथे पुढच्या सीटच्या पाठीला टेकून, तळाशी, २० लिटरचे पाण्याचे दोन कॅन. पाणी सगळ्यात जड, म्हणून ते सगळ्यात खाली आणि पुढे. त्यावर तंबू, सतरंज्या, मग एका पत्र्याच्या पेटीत स्वयंपाक: छोटा गॅस, तवा, भाजणी, मेतकूट, तांदूळ, कांदे, लसणाची चटणी. कापडी टपावर काही लादता येत नाही हे माझ्या दृष्टीने चांगलंच झालं. उंचावर वजन नसल्याने तिरक्या वाटेवर गाडी डुलत नाही. टप मात्र जुना होता, पहिल्याच पावसात गळला. ताडपत्रीवाल्याकडून नवा शिवून घेतला आणि शिवणीवर मेण घासलं, त्यानंतर अंथरुणं कोरडी राहिली.

कोयनेच्या फुगवट्याकडचा मुक्काम सगळ्यांत आवडला. तापोळ्याला तराफ्यावर गाडी चढवून पलीकडे जायचं, समोर शिवसागराचं पाणी, संध्याकाळी पिठलं-भाकरी. मेअखेरीला भंडारदऱ्याकडे काजवे पाहायला गेलो तेव्हा गाडी गावातच लावून चालत गेलो. काजवे एकमेकांना उजेडाने हाका मारतात, आणि हेडलाइट पडला की झाडच्या झाड विझतं. अंधारात शांत उभं राहिलं की ते पुन्हा पेटतं. कोकणातही तसंच. किनाऱ्यावर गाडी उतरवण्याचा मोह कितीही झाला तरी उतरवू नका. वेळास, आंजर्ले भागात वाळूत कासवांची अंडी असतात, आणि चाकाखाली काय गेलं ते वरून दिसत नाही. शिवाय खारं पाणी चेसिस खातं. किनाऱ्याजवळ नुसता मुक्काम केला तरी परत आल्यावर मी गाडी खालून गोड्या पाण्याने भरपूर धुतो.

सरासरी १० किलोमीटर प्रति लिटर, सामानासह ९. टाकी ४० लिटरची, म्हणून ३०० किलोमीटर झाले की पंप शोधतो. एकूण देखभाल ८६ हजार रुपये, त्यात वर सांगितलेले पहिले ५२ हजार आले. हायवेवर ८० च्या पुढे आवाज आणि वारा नकोसा होतो. पाट्यांचे दणके बसतात, त्यामुळे आईला घेऊन लांब जाता येत नाही, त्याचं मला वाईट वाटतं. घरात एकच गाडी असेल तर ही घेऊ नका. गाडीखाली झोपायला कंटाळा असेल तरीही नको.

मागचे पाटे आता बसले आहेत. या महिन्यात ते उतरवून त्यांना पुन्हा कमान देऊन घ्यायची आहे, मामांनी पुढचा गुरुवार दिलाय. ते झालं की फेब्रुवारीत चार दिवस मेळघाट. मुलीने पेटीवर नवी यादी चिकटवली आहे, तिच्या अक्षरात पहिलंच नाव आहे: ग्रीस गन.